पुरातून वर आलेली जीप पुन्हा घाट चढते तेव्हा...

पंचगंगेच्या काठी, उसाच्या पट्ट्यात वसलेले एक गाव. गावाच्या वेशीपासून हमरस्ता चार किलोमीटर. या रस्त्यावर पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री अकराच्या सुमारास कुणी उभे राहिले, तर त्याला दोन गोल दिवे समोरून येताना दिसतील. हिरव्या रंगाची, उंच बॉनेटची जुनी जीप संथपणे येते, हमरस्त्याच्या फाट्यावर वळते आणि आली तशी परत जाते. गाडीत चालवणाऱ्याशिवाय कुणीही नसते. नवख्या माणसाला हा काय प्रकार आहे ते उमगत नाही. गावकऱ्यांना मात्र ठाऊक आहे. "तात्याची परीक्षा चाललीय," असे म्हणून ते कूस बदलतात.

तात्यांचे वय आज पासष्टच्या घरात. साडेचार एकर ऊस, दोन म्हशी आणि ही जीप, असा त्यांचा बारदाना. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आधीच बजावले, "नाव कशाला छापताय? गाडीचं लिवा. लोकास्नी उपेगी पडंल असं लिवा." म्हणून नाव छापत नाही. गाडीचे मात्र सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

लढाईतली गाडी शेतात आली

आपल्याकडच्या खेड्यांत मोटार पोचली ती बहुतांशी जीपच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या. इकडे महिंद्रांनी मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. पुढे 'सीजे-३बी' ही उंच बॉनेटची जीप आली आणि ती आपल्या रस्त्यांवर अनेक दशके राहिली. साखर कारखान्याचा शेती अधिकारी, तालुक्याचा पुढारी, पोलीस, कालव्याचा इंजिनियर यांच्या बुडाखाली हीच गाडी असे. निवडणुकीत कर्णा बांधून हीच फिरे. नंतरच्या काळात वडाप वाहतुकीत माणसे कोंबून धावल्या त्याही जीपच.

तात्यांची जीप १९५६ सालची. त्यांच्या वडिलांनी ती १९७१ साली एका सरकारी लिलावात घेतली. इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे, २,१९९ सीसीचे. या इंजिनाची एक गंमत अशी, की आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. पिस्टनचा व्यास ७९ मिलिमीटर आणि त्याची वर-खाली धाव १११ मिलिमीटर. धाव लांब असल्यामुळे इंजिन कमी फेऱ्यांवरच ताकद देते. चिखलात ही गाडी बैलासारखी ओढते त्याचे कारण हे. पळायला मात्र ती घोडा नव्हे.

एका रात्रीत इस्वास गेला

१९८७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या पुढे वडिलांच्या छातीत कळ आली. घरात जीप उभी होती, टाकीत पेट्रोल होते. तात्यांनी सेल्फ मारला, इंजिन उचलेना. हँडल मारले, तरी नाही. भावकीतली आठ-दहा माणसे गोळा झाली, धक्का मारत गाडी वेशीपर्यंत नेली. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट शिरली होती, ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर काढला आणि ट्रॉलीत गादी टाकून वडिलांना फाट्यावर नेले. तिथून ट्रक मिळाला.

"वडील वाचले, फुडं अकरा वर्सं जगले," तात्या सांगतात. "पर त्यो तास मी इसरलो न्हाई. गाडी दारात असून माणूस ट्रॉलीत घालून न्यावा लागला. त्या दिसापासनं गाडीवरचा इस्वास गेला बगा."

गाडी त्यांनी विकली नाही, पण लांबच्या वाटेला काढणे बंद केले. दिवसाउजेडी शेतावर आणि आठवड्याच्या बाजाराला, एवढीच तिची हद्द. कागदपत्रे मात्र आईच्या आग्रहाने वेळच्या वेळी होत राहिली. आईला लिहिता-वाचता येत नाही. आर.सी. बुक ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवायचे आणि मुदत जवळ आली की आठवण करायची, हे काम तिचे.

पूर आला आणि भंगारवालाही आला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. गाव सोडताना माणसे आणि जनावरे हलवली, जीप गोठ्याशेजारी राहिली. पाच दिवस ती पाण्याखाली होती. पाणी ओसरले तेव्हा सीटवर वीतभर गाळ साचला होता.

लगोलग भंगारवाला आला. टनभर वजनाची गाडी, किलोला तीस रुपयांप्रमाणे तीस हजार होतात म्हणाला. थोरला मुलगा एमआयडीसीत फिटर आहे. तो म्हणाला, "तात्या, द्या घालवून. गोठ्याच्या पत्र्याचं तरी भागंल." ऊस कुजलेला, घराच्या भिंतीला ओल. मुलाचे काही चुकत नव्हते. तात्याही कबूल झाले होते. म्हातारी तेवढी उंबऱ्यात बसून म्हणाली, "इकायची तर इका. पर आदी चालू करून इका. मेल्यालं जनावर इकल्यागत इकू नगा."

या एका वाक्यावर तीस हजारांचा सौदा मोडला.

इथे वाचकांच्या उपयोगाची पहिली गोष्ट येते. पुरात बुडालेले इंजिन, मग ते जीपचे असो, ट्रॅक्टरचे असो की पंपाचे, पाणी ओसरल्यावर घाईने सुरू करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बापलेकांनी आधी बॅटरी सोडवली, मग प्लग काढले आणि हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढले. ऑइल दुधासारखे पांढरे झाले होते. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल, सगळीकडचे ऑइल सांडून दिले. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवले, म्हणजे रिंगा धरत नाहीत. चाकांचे बेअरिंग उघडले तर आत ग्रीसच्या जागी नदीचा गाळ निघाला.

काय बदलायचे, काय नाही

पुढचे वर्ष कोरोनाचे. मुलगा टाळेबंदीत घरी बसला आणि त्याचे हात जीपला लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, बोरिंग, ओतकाम असे सगळे मिळते. तिथल्या एका जुन्या मेस्त्रींना बापलेकांनी गाठले. मेस्त्रींनी गाडी पाहून पहिला प्रश्न केला, "नटवायची हाय, का चालवायची हाय?"

"चालवायची," तात्या म्हणाले. "रातच्याला, पावसात, एका सेल्फवर."

मेस्त्रींचा पहिला सल्ला डिझेल इंजिन बसवण्याचा होता. आपल्याकडे शेकडो जीपगाड्यांची पेट्रोल इंजिने अशीच गेली. डिझेल स्वस्त होते तेव्हा ते परवडतही असे. पण मुलाने कायदा वाचला होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आर.सी. बुकातील नोंदीशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन किंवा इंधन बदलायचे तर रीतसर परवानगी घ्यावी लागते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. शिवाय जड इंजिन पुढे टाकले की पाटे, स्टिअरिंग, ब्रेक असे सगळेच मागोमाग बदलावे लागते. तेव्हा मूळ इंजिन, मूळ चेसिस आणि मूळ गिअरबॉक्स ठेवायचे ठरले. ज्या जागी गाडी दगा देते त्याच सुधारायच्या.

पहिली जागा विजेची. या जीपला मुळात ६ व्होल्टची बॅटरी होती. तेवढाच दिवा पेटवायला ६ व्होल्टमध्ये १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. त्यामुळे एखाद्या टर्मिनलवर जरा गंज धरला, की सेल्फ मान टाकतो. म्हणून सगळी वायरिंग नवी करून गाडी १२ व्होल्टवर नेली. बल्ब, कॉइल, हॉर्न, सेल्फ असे सगळे त्याबरोबर बदलले. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. डायनामो संथ फेऱ्यांवर जेमतेम चार्जिंग करतो, अल्टरनेटर गाडी जागेवर उभी असतानाही करतो. चेसिसला अर्थिंगच्या जाड पट्ट्या दिल्या. "अर्थिंग नीट तर निम्मी गाडी नीट," हे मेस्त्रींचे वाक्य लिहून ठेवण्यासारखे आहे.

दुसरी जागा ठिणगीची, म्हणजे १९८७ च्या रात्रीची. पॉइंट आणि कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरच्या आतच इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. आता पॉइंट झिजणे नाही की ब्लेडने फट लावणे नाही. टोपी नवी, वायरी सिलिकॉनच्या, वरून रबरी टोपण. मुलाने पिचकारीने पाणी मारून पाहिले, इंजिन अडखळले नाही. तात्यांनी ते तीनदा मारायला लावले.

तिसरी जागा ब्रेकची. जुन्या जीपला चारी चाकांना मिळून एकच ऑइलची लाइन. एका ठिकाणी पाइप फुटला की पायाखाली काहीच राहत नाही. मूळचे नऊ इंची ड्रम घाटात तापून ढिले पडत. मोठे ड्रम आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला. पुढची लाइन गेली तरी मागची धरते. पेट्रोल इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम मिळतो, त्यामुळे बूस्टर लावायला वेगळा पंप लागला नाही. हँडब्रेक मात्र मूळचाच, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर धरणारा.

चौथी जागा पाण्याची. रेडिएटरची जाळी नवी भरली. कुणीतरी पूर्वी थर्मोस्टॅट काढून टाकला होता, तो परत बसवला. 'थर्मोस्टॅट काढला की गाडी गार राहते' असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक इंजिन फार गार राहिले तर पेट्रोल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर झिजतो. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

पाचवी जागा स्टिअरिंगची. किंगपिनचे बेअरिंग आणि बेल क्रँकचे बुश झिजले की जीपची पुढची चाके थयथयाट करू लागतात. ते सगळे नवे करून शिम लावून कसले.

उसाचे इथेनॉल आणि जुन्या गाडीचे रबर

सहावी जागा खास आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते बऱ्याच अंशी आपल्याच उसाचे. उसाला त्यामुळे आधार मिळाला हे खरेच. पण जुन्या गाड्यांचे रबर इथेनॉलसाठी केलेले नव्हते. पेट्रोलच्या नळ्या आतून फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो, कार्बोरेटरच्या वॉशरा सुटतात. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो.

बापलेकांनी टाकी धुऊन आतून लेप दिला, इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकल्या, पंपाचा पडदा बदलला, फिल्टर काचेचा लावला म्हणजे आतला कचरा दिसतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी. शिवाय मिश्रण पातळ पडते. म्हणून कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा केला. अॅव्हरेजही थोडे घटले. तात्या हसून म्हणतात, "माझाच ऊस माझ्याच गाडीचं रबर खातोय. तक्रार कुणाकडं करू?"

गती वाढवण्याच्या भानगडीत मात्र ते पडले नाहीत. या जीपचे क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८ आहे. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्या घेते आणि ८० ला ३,२०० च्या आसपास. बदलता आले असते, पण तात्यांनी पन्नास-पंचावन्नची मर्यादा घालून घेतली. "घाई असंल त्यानं एस.टी.नं जावं," हा त्यांचा निवाडा.

पासिंगचा दिवस

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा जीप अर्धवट उघडी होती. या वेळी मात्र पहिल्याच दिवशी ट्रॉलीवर चढवून ती उंचावर हलवली. २०२२ मध्ये काम पुरे झाले आणि फेरनोंदणीची मुदतही त्याच वर्षी होती. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५ हजार झाली होती. पैशापेक्षा धास्ती तपासणीची होती. नापास झाली तर सगळा खर्च पाण्यात.

दुसरी एक वाट होती. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि ती रोजच्या वापराला काढू नये. मेळावा, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तात्यांनी हिशेब केला. गाडी मिरवायची असती तर ही वाट बरी होती. त्यांना ती रात्री-अपरात्री काढायची होती. त्यांनी साधीच फेरनोंदणी पत्करली.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी चेसिस आणि इंजिनाचे नंबर बुकाशी ताडून पाहिले. दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले. मूळ इंजिन ठेवण्याचे शहाणपण त्या वेळी कामी आले. नंबर जुळले, गाडी पास झाली. घरी आल्यावर म्हातारीने आर.सी. बुक हातात घेतले, कपाळाला लावले आणि परत ट्रंकेत ठेवले. गाडी विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. खर्चाचा आकडा विचारला तर तात्या आधी टाळतात, मग सांगतात, "सव्वातीन लाखाच्या वर गेला. पाच वर्सांत थोडा-थोडा. एकदम लागला असता तर झाला नसता."

इतक्या पैशात जुनी चारचाकी आली असती, हे खरे आहे. ज्याला फक्त वाहन हवे त्याने या फंदात पडू नये, असे मुलगाही स्पष्ट सांगतो. पण ज्यांच्या गोठ्यात अशी एखादी जीप उभी आहे, त्यांनी निदान पाच गोष्टी कराव्यात असे त्याचे म्हणणे : कागद चालू ठेवा, वायरिंग नवे करा, ब्रेक दोन सर्किटचे करा, पेट्रोलच्या नळ्या बदला आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. रंग सगळ्यात शेवटी.

घाट उतरून लेकीकडे

२०२३ च्या मे महिन्यात तात्या, त्यांच्या कारभारीण आणि म्हातारी आई असे तिघे जीपने गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात लेकीकडे गेले. छत्तीस वर्षांनी गाडी लांबच्या वाटेला निघाली होती. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरला टाकून इंजिनवरच आवरली, ब्रेकला फारसा त्रास दिला नाही. येताना चढाला काटा मध्यावर राहिला, रेडिएटरमधून थेंब उडाला नाही. मागे तुंबलेल्या गाड्यांना वाट द्यायला दोनदा बाजूला थांबावे लागले, एवढेच.

वाटेत म्हातारी एकदाच बोलली. म्हणाली, "तुज्या बाला घिऊन जायला पायजे हुतं."

तात्यांनी तेव्हा उत्तर दिले नाही. पण त्या पावसाळ्यापासून शनिवारच्या रात्रीची फेरी सुरू झाली. अकराला उठायचे, एका सेल्फवर गाडी उचलायची, फाट्यापर्यंत चार किलोमीटर जायचे, परत यायचे. बॅटरी भरते, ऑइल फिरते, टाकीतले पेट्रोल हलते, हे झाले तांत्रिक कारण. ते खोटे नाही. पण हा रस्ता तोच आहे, वेळ तीच आहे आणि पाऊसही तोच आहे.

पुढची फेरनोंदणी २०२७ ची. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींची फी वाढून १० हजार झाली आहे. तात्यांनी त्यासाठी आत्तापासून दुधाच्या पैशातून बाजूला काढायला सुरुवात केली आहे. आम्ही निघताना म्हणाले, "गाडी जुनी हाय म्हणून ठिवली न्हाई. हाक मारली की उटती म्हणून ठिवली."

एवढे बोलून त्यांनी सेल्फ मारला. एकदाच.